भाजल्याची तारीख

आज काही विकत घ्यायचं नाही. दुकानात जायचं नाही, फोनवर काही शोधायचंही नाही. रात्रीची जेवणं उरकली असतील, ओटा पुसून झाला असेल, तर बसायला ही वेळ चांगली. पाठ टेकवा. दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवा, रिकामे. उद्या-परवा हेच हात कुणासाठी तरी कॉफीच्या ताज्या भाजलेल्या दाण्यांची पुडी आणणार आहेत. पुडीचं उद्या बघू. आज ज्याच्यासाठी ती आणायची, त्या माणसापाशी बसू.

त्याला डोळ्यांसमोर येऊ द्या. वाढदिवस, गृहप्रवेश, बढती, जे काही निमित्त असेल ते जरा बाजूला सरकवा. निमित्त एका दिवसाचं असतं आणि कॉफी रोजची. म्हणून समारंभातला नटलेला चेहरा नको, सकाळचा हवा. गालावर उशीची घडी उमटलेली, केस विस्कटलेले, अजून कुणाशी एक शब्द बोललेला नाही असा. तो चेहरा तुम्ही कधी पाहिलाय का? एखाद्या रात्री त्या घरी मुक्काम केला असेल, एकत्र प्रवास केला असेल, दवाखान्यात सोबतीला राहिला असाल, तर पाहिला असेल. लगेच आठवला नाही तरी घाई करू नका. श्वास चालू द्या. चेहरा सावकाश येतो.

आला की त्याच्या मागे मागे स्वयंपाकघरात चला. दिवा लावतो की अंधारातच वावरतो? पहिला हात कुठे जातो? दाराच्या कडीला अडकवलेल्या दुधाच्या पिशवीकडे, लायटरकडे, देव्हाऱ्यातल्या निरांजनाकडे, की रेडिओच्या बटणाकडे? पातेलं कुठलं घेतो? कप घेऊन खुर्चीत बसतो, की ओट्याला टेकून उभ्या उभ्याच पितो? शेवटचा घोट राहून जातो का, आणि तो थंडगार कप तासाभराने कुठे सापडतो?

एवढं दिसलं तर अर्धी निवड झाली.

मला या प्रश्नांशी डोंबिवलीच्या एका स्वयंपाकघराने आणून बसवलं. माझी शाळेपासूनची मैत्रीण तिथे राहते. पहाटे पावणेपाचला उठते, कारण पुढे लोकल असते, दोन डबे भरायचे असतात, सासूबाईंच्या गोळ्या असतात. या सगळ्याच्या आधीची पंधरा मिनिटं तिची. ती कॉफी पातेल्यात करते, आपल्या घरांत होत आली तशी. पाणी उकळायचं, पूड घालायची, गॅस बंद करून झाकण ठेवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, मग गाळून दूध, साखर आणि जायफळाची जराशी पूड. खिडकीपाशी उभी राहून पिते. तेवढा वेळ तिच्याशी कुणी बोलत नाही, मीसुद्धा नाही.

काही वर्षांपूर्वी चिकमगळूरला गेले होते, तेव्हा तिच्यासाठी अर्धा किलो दाणे आणले. सुंदर पुडी होती. जाड तपकिरी कागद, बागेचं नाव, वर फुलाचं चित्र. तिने दोन्ही हातांनी घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटले. मला धन्य वाटलं. पुढे दीडेक वर्षाने दिवाळीच्या आवराआवरीत मी तिला कपाट रिकामं करायला मदत करत होते, तेव्हा वरच्या फळीवर, पाहुण्यांसाठीच्या सोनेरी काठाच्या कपबश्यांच्या मागे ती पुडी सापडली. न उघडलेली. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, “अगं, एवढी चांगली कॉफी मिक्सरला कशी लावायची? म्हटलं ठेवू, काहीतरी खास असलं की काढू.” आम्ही पुडी फोडली. आत दाणे होते, कॉफी उरली नव्हती. वास जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा.

इथे थोडं थांबू या. तुमच्याही घरात अशी एक फळी असेल. आपल्या सगळ्यांच्या घरी असते. ठेवणीतली साडी, ठेवणीतली अत्तराची कुपी, ठेवणीतल्या चादरी, ज्यांच्या घड्या इतकी वर्षं मोडल्या नाहीत की कापड घडीवरच विरत चाललंय. ज्या माणसांनी टंचाई पाहिली, त्यांनी आपल्याला ही सवय लावली आणि ती प्रेमानेच लावली. चांगलं ते दुसऱ्यासाठी राखून ठेवायचं, स्वतः साध्यावर भागवायचं. विशेषतः बायकांनी. मला या सवयीचा राग येत नाही, पण दुःख होतं. ज्या बाईने आयुष्यभर सगळ्यांना ताटात पहिलं वाढलं, तिला पावणेपाचच्या अंधारात, एकटीला, काही साजरं होत नसताना चांगली कॉफी प्यायला हरकत नाही, हे वाटत नाही. माझी भेट तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. ती फळीपर्यंत पोचली होती.

ताज्या भाजलेल्या कॉफीचं वैशिष्ट्य हेच की ती ठेवणीत बसत नाही. चांदीची वाटी राहते, पुस्तक राहतं. कॉफीला स्वतःचं वय असतं आणि ते भराभर सरतं.

आता मनाने एक दाणा तळहातावर घ्या. भाजलेला नको, त्याच्याही आधीचा, हिरवट करडा, वाळलेला. एका बाजूने फुगीर, दुसऱ्या बाजूने सपाट, आणि सपाट बाजूवर मधोमध एक चीर. माझी आजी यांना बुंददाणे म्हणायची. अरबीत कॉफीच्या दाण्याला बुन म्हणतात, तिथून तो शब्द आपल्याकडे आला असणार. शब्द मागे पडला, पण मला तो आवडतो. म्हणताना तोंडात काहीतरी गोल फिरल्यासारखं वाटतं.

या दाण्याच्या मागे मागे जा. कर्नाटकात सह्याद्रीच्या उतारांवर मार्च-एप्रिलमध्ये एखादी वळवाची सर येते आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांत कॉफीची झुडपं पांढऱ्या फुलांनी डवरून जातात. वास मोगऱ्या-जाईच्या जातीचा. हा बहर दोन-चार दिवसच टिकतो. मग हिरवी फळं धरतात आणि अरबिका जातीची फळं लाल व्हायला पुढे आठ-नऊ महिने लागतात, रोबस्टाला त्याहून जास्त. म्हणजे फूल येतं तेव्हा पोटात असलेलं मूल, फळ तोडायच्या वेळी कुणाच्या तरी मांडीवर असतं. डोक्यावर सिल्व्हर ओकची, फणसाची सावली, खोडांवर मिऱ्याचे वेल. भारतातली कॉफी अशी सावलीत वाढते. एका फांदीवरची सगळी फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून तोडणारे हात त्याच झाडापाशी पुन्हा पुन्हा येतात, पिकलेलं घेतात, कच्चं सोडतात. साधारण सहा किलो फळांमधून एक किलो हिरवे दाणे हाती येतात.

बहुतेक फळांत दोन दाणे असतात, एकमेकांना सपाट बाजूने चिकटून. कधी कधी एकच असतो, मग त्याला कुणाशी जागा वाटून घ्यावी लागत नाही आणि तो गोल होतो. त्याला पीबेरी म्हणतात, निवडून वेगळा विकतात.

याच डोंगरांत, सतराव्या शतकात, बाबा बुदन नावाच्या सूफी साधूने येमेनच्या मोखा बंदरातून सात दाणे आणून लावले अशी कथा सांगतात. चिकमगळूरजवळची ती डोंगररांग आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि तिथल्या अरबिकाला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोडगू, चिकमगळूर, वायनाड आणि अराकू खोऱ्याच्या कॉफीलाही त्याच वर्षी. कथेतल्या सात या आकड्यापाशी मी नेहमी रेंगाळते. सात दाणे म्हणजे एक कपही नाही. कुणीतरी आपल्या माणसांसाठी मूठभरही नाही इतकं काही आणलं आणि ते प्यायला नव्हे, पेरायला.

आपल्या महाराष्ट्रातही कॉफी पिकते हे ऐकून लोक थबकतात. अमरावती जिल्ह्यात, सातपुड्यातल्या चिखलदऱ्याला तिची लागवड आहे. तुमचा मित्र विदर्भातला असेल आणि तुमची त्या बाजूला फेरी होणार असेल, तर तिथल्या कॉफीची चौकशी जरूर करा. तिकडच्या मातीतलं काही हातात पडलं की माणूस आधी बराच वेळ पुडी नुसती धरून बसतो.

पुडीवर बागेचं नाव असतं, ते वाचा. हे पूर्वी शक्य नव्हतं. 1942 च्या कायद्याने कॉफी बोर्ड आलं, आणि नंतर कित्येक दशकं बागायतदाराला आपली कॉफी बोर्डाच्या एकत्रित साठ्यात घालावी लागे. कुणाची कुठली, हे त्यात विरघळून जाई. 1990 च्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल झालं आणि 1996 पर्यंत पूर्ण सुटलं. म्हणून आज एका डोंगराची, एका बागेची, एका हंगामाची कॉफी वेगळी हातात येऊ शकते. नावामागे माणसं आहेत. मनात त्यांना एक नमस्कार करा आणि पुढे चला.

आता वास.

हिरव्या दाण्याला कॉफीचा वास नसतो. वाळल्या गवताचा, कच्च्या वाटाण्याचा येतो. पुढचं सगळं आगीवर घडतं आणि त्याबाबतीत मराठी नाकाला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही. चकलीची भाजणी आठवा. तांदूळ वेगळे, हरभऱ्याची डाळ वेगळी, उडदाची वेगळी, धने-जिरं शेवटी. मंद आच, सतत हलता हात. एका क्षणी कच्चेपणाचा वास जातो आणि खमंग वास सुटतो. तिथे हात आखडला तर पीठ कच्चं लागतं, क्षणभर जास्त झालं तर कडू. कॉफी भाजणारा त्याच क्षणाची वाट पाहत उभा असतो. दाणा हिरव्याचा पिवळा होतो, मग दालचिनीच्या रंगाचा, आणि साधारण 200 अंश सेल्सिअसच्या आसपास लाही फुटावी तसा तडतडतो. हा पहिला तडका. त्यानंतर लवकर उतरवला तर दाण्यात फळाची आंबूस-गोड आठवण शिल्लक राहते. आणखी पुढे नेला की रंग गडद, चव भरदार, आणि दुसऱ्यांदा, जरा बारीक आवाजात, तडतड होते. त्याच्याही पुढे दाण्यावर तेल येतं आणि तो चमकतो. ती चमक पाहून अनेकजण ताजेपणा समजतात. ती गडद भाजल्याची खूण आहे, एवढंच.

पुन्हा त्या सकाळच्या माणसाकडे चला, कारण या तीन-चार मिनिटांच्या फरकातच त्याची कॉफी आहे. तो दूध घालतो का? भरपूर? मग हलकी भाजलेली, मोसंबीची आठवण करून देणारी महाग कॉफी त्याला देऊ नका. दुधात ती हरवते, वर आंबटसर लागते, आणि बिचाऱ्याला वाटतं आपल्यालाच चांगलं कळत नाही. भेटीने माणसाला आपल्या आवडीची लाज वाटायला लावू नये. दुधाला तोलून धरेल अशी मध्यम-गडद भाजलेली कॉफी घ्या, आणि तिच्यात थोडा रोबस्टा असला तर उत्तमच. रोबस्टाला खालचं समजण्याची एक पद्धत आहे, ती मला पटत नाही. दूध, साखर, जायफळ यांच्यात उभं राहायला अंगात बळ लागतं, ते त्याच्यात असतं. मात्र त्यात कॅफिन अरबिकाच्या जवळजवळ दुप्पट. ज्याला रात्री झोप लागत नाही, ज्याची छाती धडधडते, त्याच्यासाठी हे ध्यानात ठेवा.

काळी पिणारा असेल तर मध्यम किंवा जरा हलकी भाजलेली अरबिका.

आणि आंबटपणा अजिबात सोसत नाही अशा मित्रासाठी एक कॉफी मला फार जवळची वाटते, मॉन्सून्ड मलबार. जुन्या काळी हिरवे दाणे शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून युरोपला जात. महिनोन्‌महिने समुद्राच्या दमट हवेत राहून ते फुगत, पिवळे पडत, त्यांची चव मवाळ होई. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला, पुढे वाफेच्या बोटी आल्या, प्रवास आखडला आणि ती चवही गेली. तिकडच्या पिणाऱ्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. म्हणून मग आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, मंगळूरच्या बाजूला, पावसाळ्यात दाणे उघड्या बाजूंच्या गोदामांत पसरून मोसमी वाऱ्याला दाखवायला सुरुवात झाली. बारा ते सोळा आठवडे. मध्ये मध्ये फिरवायचे, पोत्यांत भरायचे, पुन्हा पसरायचे. जूनमध्ये जो वारा आपल्या खिडक्या आपटतो, दोरीवरचे कपडे तीन तीन दिवस वाळू देत नाही, तोच वारा तिथे दाण्यांत शिरत असतो. क्षणभर त्या वाऱ्याचा आवाज ऐका. या पावसात ज्याच्या सोबतीने तुम्ही भिजलात, असा कुणी मित्र असेल तर निवडीचं काम इथेच संपलं.

चिकोरीचं राहिलं. ती कॉफी नव्हे, एका झाडाची भाजून दळलेली मुळी. फिल्टर कॉफीच्या पुडीत ती वीस, तीस, कधी चाळीस टक्के असते, आणि पितळेच्या डबऱ्यातून ओतताना जो दाट, गडद रंग दिसतो त्यात तिचा मोठा वाटा. ती दळलेल्या पुडीत मिसळतात. तुमचा मित्र चिकोरीवर वाढलेला असेल तर तिची छोटी पुडी दाण्यांसोबत वेगळी द्या. त्याच्या आईच्या हातची चव तुम्ही शुद्धतेच्या नावाखाली काढून घेऊ नका.

आता तारखेपाशी येऊ. सगळ्या मननातली ही जागा मला सर्वांत मोलाची वाटते, म्हणून इथे जास्त वेळ बसू.

पुडी उलटी करून बघा. एखाद्या पुडीवर फक्त पॅक केल्याची तारीख आणि बारा महिन्यांची मुदत असते. तुम्हाला हवी आहे ती भाजल्याची तारीख. ती नसेल तर दुकानदाराला विचारा. “कधी भाजली?” या प्रश्नाला जो सरळ वार सांगतो, त्याच्याकडून घ्या.

भाजलेला दाणा निपचित नसतो. भाजताना त्याच्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पुढचे कित्येक दिवस तो हळूहळू बाहेर पडत राहतो. पुडीच्या तोंडाशी जी लहानशी गोल झडप असते ती त्यासाठीच; आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. ताज्या पूडीवर गरम पाणी ओतलं की ती फुगते, बुडबुडे येतात, तो हाच वायू. अगदी कालच भाजलेली कॉफी म्हणून चवीला नीट लागत नाही. वायू मध्ये येतो, पाण्याला दाण्यात शिरू देत नाही, चव धारदार आणि अर्धवट. चार-पाच दिवस, आठवडाभर गेला की ती बसते. मग साधारण महिनाभर तिचे चांगले दिवस. त्यानंतर वास विरत जातो, आणि दाण्यातल्या तेलाला हवा लागून खवटपणाकडे वाटचाल सुरू होते. दळलेल्या पूडीला हे आयुष्यही नसतं, दळल्या क्षणापासून तिचा सुगंध खोलीभर होऊन निघून जायला लागतो.

हे नवं नाही. आढीतला आंबा आपल्याला ठाऊक आहे. गवतात रचून ठेवायचा, रोज हात घालून चाचपायचा. आंबेवाला पेटी उघडून तीन बोटांनी फळं वेगळी करतो: हा आज कापा, हे दोन परवा, हे रविवारी. आजचा रविवारपर्यंत ठेवला तर गेला. कॉफीची पुडी देताना तुम्ही तोच आंबेवाला व्हायचं आहे. मित्राच्या हाती ती कधी पडणार तो दिवस धरा आणि मागे मोजा. शनिवारी भेटणार असाल तर त्याच आठवड्याच्या सोमवारी-मंगळवारी भाजलेली शोधा. कुरिअरने जाणार असेल तर वाटेचे दिवस धरा. आत्ता, डोळे मिटल्या मिटल्या, ते दिवस बोटांच्या पेरांवर मोजून बघा. कुणासाठी तरी असे दिवस मोजणं, हे मला प्रत्यक्ष देण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

प्रमाणही याच मोजण्यातून निघतं. एका कपाला 12 ते 15 ग्रॅम दाणे लागतात. 200 ग्रॅममध्ये एका माणसाच्या दोन आठवड्यांच्या सकाळी होतात. एकटं पिणाऱ्याला एवढंच पुरे, पिणारे दोघं असतील तर चारशे. अर्धा किलो, किलो देऊन आपलं मन मोठं दिसतं, पण ती कॉफी फळीवर जायला निघालेली असते. मला ते एकदा करून कळलं आहे.

दुसऱ्या खेपेला मी माटुंग्याला गेले. तिथे सकाळी फुलांच्या गजऱ्यांचा, केळीच्या पानांचा आणि ताज्या कॉफीचा वास एकमेकांत मिसळून रस्त्यावर येतो. एका जुन्या दुकानात उभी राहिले. गल्ल्यावरच्या काकांनी विचारलं, “फिल्टरसाठी का?” मी म्हटलं, नाही, पातेल्यात करणारी मैत्रीण आहे, दूध घालते, जायफळ घालते. त्यांनी मान हलवली, जणू ही रीत त्यांना माहीत होती. मंगळवारी भाजलेली, मध्यम-गडद, थोडा रोबस्टा घातलेली. दोनशे ग्रॅम, अख्खे दाणे. दिवस शुक्रवार होता.

पुडी मात्र मी घेतली नाही. घरून स्टीलचा डबा नेला होता. घट्ट झाकणाचा, घासून दोन दिवस उन्हात ठेवलेला, कुठल्याही मसाल्याचा वास नसलेला. काकांनी त्यात मोजून दिले. सुंदर पुडीने एकदा घात केला होता. स्टीलच्या डब्याला कुणी वरच्या फळीवर ठेवत नाही, तो साखरेच्या आणि चहाच्या डब्याशेजारी, हाताशी, जाऊन बसतो. गॅसपासून दोन हात लांब असला की झालं. फ्रिजमध्ये नको, तिथे ओल लागते आणि लसणाच्या चटणीचा वासही. झाकणावर मी चिकटपट्टी लावून पेनाने तारीख घातली, मंगळवारची.

लोकलमध्ये डबा मांडीवर होता. ठाण्यापर्यंत समोरच्या सीटवरच्या दोघींनी विचारलं, काय वास येतोय हो? मी झाकण जरासं उघडून दाखवलं. त्यांनी वाकून वास घेतला आणि काही न बोलता पुन्हा बाहेर बघायला लागल्या.

रात्री मी तिच्याकडेच राहिले. पहाटे तिच्या पाठोपाठ उठले. दाणे दळायला तिच्याकडे तोच मिक्सर होता, चटणीचं छोटं भांडं असलेला. खरं तर हातयंत्रावर पूड अधिक सारखी येते, मिक्सरमध्ये थोडी बारीक, थोडी जाड होते आणि पातं तापतं. पण पातेल्यातल्या कॉफीला जाडसर चालते. बटण दाबायचं, सोडायचं, भांडं हलवायचं, पुन्हा दाबायचं. चार वेळा. मी तिच्या हातात दाणे दिले आणि म्हटलं, “तू लाव.” तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग लावले.

झाकण काढल्यावर जे झालं ते तुम्ही तुमच्या माणसाच्या स्वयंपाकघरात पाहा. वास आधी भिंतीपर्यंत जातो आणि मग परत येतो. माणूस हातातलं काम सोडून थांबतो. त्या थांबण्यात काही वेळ त्याच्याजवळ उभे राहा. बोलू नका. पाणी उकळतंय ते ऐका. पूड पडते, फेस वर येतो, गॅस बंद होतो, झाकण बसतं. गाळ खाली जाईपर्यंतची तीन-चार मिनिटं कुणाचीही नसतात. मग गाळणी, दूध, साखर, जायफळ. कप त्याच्या हातात जातो. तुमचे हात पुन्हा रिकामे होतात, मांडीवर, उताणे, बसला होतात तसे. डोळे उघडायचे असतील तर उघडा.

तिने त्या सकाळी दोन घोट घेतले, खिडकीबाहेर पाहत राहिली आणि नेहमीसारखी काही बोलली नाही.

सतरा दिवसांनी ती दादरला माझ्याकडे आली, डबा परत द्यायला. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत. मी झाकण उघडलं तर आत थालिपिठाची भाजणी होती, काठोकाठ, आणि तिच्या खमंग वासाखाली कॉफीचा एक पुसट धागा अजून होता. झाकणावरची माझी चिकटपट्टी काढून तिने नवी लावली होती. तिच्या तिरप्या अक्षरात, निळ्या पेनाने लिहिलं होतं: भाजली, रविवार, 14.